आत आल्यावर उजवीकडे

मामांना सख्खा भाचा एकही नव्हता. बहीणच नव्हती, तर भाचा येणार कुठून? तरी अख्खं शहर त्यांना मामा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला मामी. सेहेचाळीस वर्षं एकाच गल्लीत लोकांच्या पायाशी बसून काढली की नातं आपोआप चिकटतं. मामा बूट शिवायचे, पण सरळ पायांचे नव्हेत. एक पाय आखूड, एक लांब. बोटं एकावर एक चढलेली. तळवा पाटासारखा सपाट. घोटा आत कललेला. अशी, बाजाराने हात टेकलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायची आणि नीट चालत परत जायची. या गोष्टीचा मामांना गर्व होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

त्या बुधवारी सकाळी हे गर्विष्ठ गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसले. बसले म्हणजे काय, स्टुलाच्या कडेला टेकले. दोन्ही हात मांडीवर, मान ताठ, समोर मोठा डॉक्टर बसलाय आणि आपला रिपोर्ट वाचतोय असा चेहरा. फोन त्या कॉम्प्युटरच्या पेटीला टेकवून ठेवलेला, आणि फोनवर दुसऱ्या शहरात राहणारी लेक.

"बाबा, बटण दाबलंत?"

"दाबलं. घुरघुरतोय."

"मग थांबा जरा, सुरू होईल."

"थांबायला वेळ कुठाय बाळ? सोमवारी बाईंना उभं करणारेत."

बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. डावा पाय जन्मापासून सव्वा इंच आखूड, त्यामुळे त्यांच्या डाव्या बुटाची टाच तेवढी उंच. दीड महिन्यापूर्वी रस्ता ओलांडताना त्या पडल्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घाईघाईत इस्पितळातल्या लोकांनी बूट कात्रीने कापून काढले आणि फेकून दिले. आता सोमवारी त्यांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. व्यायाम करवून घेणारी मुलगी बजावून गेली होती, पहिल्या दिवसापासून सरळ उभ्या राहिलात तर चालाल; वाकड्या उभ्या राहिलात तर शरीर तेच शिकून बसेल आणि मग काठी सुटायची नाही. नवं माप घ्यावं तर दोन्ही पाय पावासारखे सुजलेले. तेव्हा जुनं माप हवं होतं, आणि आजच हवं होतं, कारण बूट व्हायला चार दिवस लागतात.

जुनं माप या पेटीत होतं. एवढं नक्की, बाकी सगळा अंधार.

तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला त्यांचं जुनं दुकान पाडलं. त्या आधीचे आठ महिने मामी एकच काम करत होती. एक जुना कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर घेऊन दुकानातले सगळे कागद, दोन हजारांच्या आसपास पायांचे आराखडे, एकेक करून आत घालत होती. नव्या जागेत एक दार, एक खिडकी आणि मधे मामा एवढंच मावणार होतं. कागद ठेवायचे कुठे? मामा हसायचे. "अगं, कागदांना पाय फुटतात म्हणतात, इथे तर आधीच फुटलेत. पेटीत घालून कुठे पळवून नेणार आहेस?" ती म्हणायची, "अहो, तुमचा हा उकिरडा एकदा माझ्या हातात येऊ दे, मग बघा कसा ओळीने लावते."

उकिरडा हा शब्द ती लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून वापरत होती. आणि ते खोटं नव्हतं. मामांचे कागद मामांनाच सापडायचे, बाकी कुणाची छाती नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी मामी गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी संपलं. तेव्हापासून मामांनी पेटीवर एक टॉवेल टाकून ठेवला होता. येईल त्या गिऱ्हाइकाचं नव्याने माप घ्यायचे. विचारलं तर सांगायचे, "आत तिने सगळं शहाण्यासारखं लावून ठेवलंय, मला काय सापडणार?" हे कारण अर्धंच खरं होतं. उरलेलं असं, की त्या पेटीसमोरच्या स्टुलावर ती बसायची, आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं, अगदी स्वतः बसलेलंही, मामांना सोसलं नसतं.

"स्क्रीन आला का? पिवळ्या रंगाचा फोल्डर दिसतोय?"

"दिसतोय. 'दुकान' असं लिहिलंय."

"त्यावर दोनदा टिचकी मारा. पटपट."

मामांनी सुईत दोरा ओवावा तसा श्वास रोखून बाण त्या फोल्डरवर नेला आणि दोनदा टिचकी मारली. सहाव्या खेपेला उघडला. आत आणखी चार फोल्डर. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

'आत आल्यावर डावीकडे'. 'आत आल्यावर उजवीकडे'. 'समोर'. 'माळा'.

"बाबा? काय झालं? गप्प का?"

"थांब," मामा म्हणाले.

त्यांनी 'डावीकडे' उघडलं. आत 'खिडकीखाली', 'खिळ्याला टांगलेले', 'गळका कोपरा'. 'खिडकीखाली' उघडलं तर 'बिस्किटाचा डबा', 'डब्याच्या मागे पडलेले'. त्या डब्यामागे इतक्या वर्षांत किती कागद पडले असतील याला गणती नव्हती, आणि मामा ते कधी उचलायचे नाहीत, कारण ते तिथे पडलेत हे त्यांना माहीत असायचं. मामीने ते उचलले, आत घातले, आणि पुन्हा डब्याच्या मागेच टाकून ठेवले होते.

मामा माळ्यावर चढले. 'माळा'च्या आत एकच फोल्डर, त्याचं नाव 'परत न आले तर बरं'. ही मामांची स्वतःची भाषा होती. कटकट्या गिऱ्हाइकांचे कागद ते याच शब्दांनी वर फेकायचे. पहिलाच कागद 'उंट' नावाचा. उंट म्हणजे ते पोस्टातले, प्रत्येक बूट दोनदा उसवून घेणारे. मामा मोठ्याने हसले.

चाळीस वर्षं जी बाई लाव लाव म्हणून डोकं खात होती, तिच्या हाती अखेर सगळा कारभार आला तेव्हा तिने एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता.

"बाबा, वर एक लांब पट्टी आहे बघा. आपण कुठे आहोत ते तिथे लिहिलेलं असतं."

"मी इथेच आहे की. स्टुलावर."

"तसं नाही हो! फोल्डर कुठला, तो कशाच्या आत, असं सगळं ओळीने."

मामांनी पट्टी वाचली. दुकान, मग बाण, समोर, मग बाण, ठोकायच्या लाकडाशेजारी, मग बाण, चहाचे डाग पडलेले. त्यांना ती पट्टी फार आवडली. जिथे आता चार पदरी रस्ता आहे आणि बस थांबते तिथे त्यांचं ठोकायचं लाकूड होतं. आणि ते लाकूड कुठे होतं, दारापासून किती पावलांवर, हे कुणीतरी बाण काढून लिहून ठेवलं होतं. अर्धा तास ते नुसते दुकानात फिरत राहिले. गळक्या कोपऱ्यातले कागद खरंच ओलाव्याने फुगलेले दिसत होते. चामड्याचा, खळीचा आणि कंदिलाच्या काजळीचा वास येतोय असं त्यांना वाटलं. वीज गेली की मामी कंदील धरून उभी राहायची आणि म्हणायची, "लवकर ठोका, हात दुखतोय." त्यांना कळेना की तेव्हा आपण तिला बसायला का सांगितलं नाही.

"बाबा, बाईंचं माप सापडलं का?"

मामा भानावर आले. "अगं, ते डावीकडे नाहीच. बायकांची मापं उजवीकडे."

उजवीकडे पडदा होता. जुन्या दुकानात पहिल्या वर्षापासूनची रीत होती, बायकांच्या पायांची मापं मामीने घ्यायची, पडद्यामागे. परक्या पुरुषासमोर वाकडा पाय उघडा करून ठेवणं कुणालाही जड जातं, हे मामीचं म्हणणं. ती कागदावर पाय आखायची, आकडे चिठ्ठीवर लिहून मामांना बाहेर द्यायची, आणि बूट झाले की चिठ्ठी शेगडीत जायची. पडद्यामागे कामाच्या वेळी मामा कधीही गेले नव्हते. तिथून हसण्याचे आवाज यायचे, कधी हुंदके यायचे, आणि मामा जोरजोरात ठोकत बसायचे.

"शोधायची खिडकी आहे ना कोपऱ्यात, तिथे 'बाई' टाइप करा," लेक म्हणाली.

मामांनी एका बोटाने ते केलं. काही सापडलं नाही.

"आईने नाव का नाही लिहिलं?"

"पडद्यामागचं पडद्यामागेच. ती कागदावरसुद्धा नाव लिहायची नाही. नुसती तारीख."

"मग एकेक उघडून बघावं लागेल. किती आहेत?"

मामांनी 'उजवीकडे' उघडलं, मग 'पडद्यामागे' उघडलं. इथे खिडकी नव्हती, डबा नव्हता. इथली रचना मामीची होती. 'जिना उतरताना'. 'सकाळी उठल्या उठल्या'. 'बाळंतपणानंतर'. 'उभं राहून'. 'दुखतं पण सांगत नाहीत'. 'आवाज'. 'नाचायचं होतं'. असे सव्वीस फोल्डर, आणि मिळून सहाशेच्या वर कागद. मामांनी बायका मापावरून लावल्या असत्या. मामीने त्या कुठे दुखतं त्यावरून लावल्या होत्या.

आता बाईंचं काय दुखायचं? मामांना सव्वा इंच माहीत होता. त्यापलीकडे तीस वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं.

शिक्षिका म्हणजे उभं राहणं, असा हिशेब करून त्यांनी 'उभं राहून' उघडलं. सत्तेचाळीस कागद. पेटी म्हातारी, एकेक कागद उघडायला कासवासारखा वेळ. सव्वा इंचाची नोंद एकावरही नाही. मग 'जिना उतरताना' झालं, 'दुखतं पण सांगत नाहीत' झालं. 'आवाज'वर मात्र बाण थांबला आणि पुढे गेला. मामांच्या बुटाला आवाज? करकरणारे बूट त्यांनी शिकाऊ असतानासुद्धा शिवले नव्हते. कुणीतरी दुसऱ्या दुकानातले बूट घेऊन रडत आली असेल. तो फोल्डर त्यांनी रागानेच ओलांडला.

दुपार झाली. डोळे चुरचुरायला लागले. शेवटी मामा उठले, शर्ट बदलला आणि इस्पितळात गेले. भेटायची वेळ चार ते सहा.

बाई उशाला टेकून बसल्या होत्या. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मामा खुर्चीत चुळबुळत होते. मग एकदम म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्हाला माझ्या बुटांत कुठे दुखायचं?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आज कसं काय विचारलंत मामा?"

"हिने कागद तसे लावलेत. कुठे दुखतं त्याप्रमाणे. मला बाकी काही माहीत नाही."

"दुखायचं नाही कुठेच. तुमचे बूट चांगलेच असायचे." बाईंनी चादर सारखी केली. "टाच वाजायची."

"वाजणारच! चामड्याच्या चकत्या एकावर एक ठोकून केलेली टाच. फरशीवर टक्क वाजली पाहिजे, नाहीतर आत पोकळ आहे समजायचं."

या बाबतीत मामा देवाचंही ऐकणारे नव्हते. बूट झाला की ते गिऱ्हाइकाला चालायला लावायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. डोळे फसतात, कान फसत नाही. बायका पडद्यामागे चालायच्या, मामा बाहेरून ऐकायचे, टक्क आवाज आला की मान हलवायचे. टाचेला रबर लावा असं कुणी म्हटलं तर त्याला दार दाखवायचे.

"एका पायाची टाच सव्वा इंच उंच," बाई सांगू लागल्या. "त्यामुळे एक पाऊल हलकं वाजायचं, एक जड. शाळेच्या व्हरांड्यात ते लांबवर ऐकू जायचं. मी वर्गात पोचायच्या आधीच पोरं बाकावर पट्टी आपटायची, तशीच, एक हलकी एक जड. पोरं काही वाईट नसतात हो, पोरं असतात. पण मी नवी होते, चोवीस वर्षांची. मामींसमोर रडले होते एकदा. नंतर आवाज बंद झाला. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी केलंत."

मामा उठले, चप्पल घातली आणि निघाले.

दुकानात येऊन त्यांनी दिवाही लावला नाही. स्क्रीनच्या उजेडात 'आवाज' उघडला. आत अकरा बायकांचे कागद. तिसऱ्या कागदावर सव्वा इंच. दोन्ही पायांचे आखीव आकार, लांबी, घेर, घोट्याची उंची, दर चार वर्षांनी बदललेलं माप, सगळं. आणि खाली मामीचं किरटं अक्षर:

'टाच वाजते. पोरं नक्कल करतात. आज फार रडल्या. सायकलच्या ट्यूबचे दोन थर, दोन्ही टाचांच्या आकाराचे; कड काळीच, दिसायचं नाही. ह्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर करून देतील, पण मग दर टाचेला ठोकताना ह्यांचा हात दबकेल. आवाज म्हणजे ह्यांचा जीव आहे.'

मामांना आधी संताप आला. तीस वर्षं! माझ्या टाचेखाली ट्यूब! बूट पुसून बांधून देते म्हणत ती तो परत पडद्यामागे न्यायची, ते यासाठी. दुरुस्तीला आलेल्या बुटांवरची ट्यूब ती आधीच सोलून काढायची, टाच स्वच्छ घासलेली असायची, आणि मामा कौतुकाने म्हणायचे, "बाई किती टापटिपीच्या, बूटसुद्धा घासून पाठवतात." ती मान खाली घालून "हो ना" म्हणायची. सगळ्या जगाच्या मामाला घरच्या बाईने मामा बनवलं होतं. हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं. ते हसू मधेच मोडलं. मग मामा रडले, मोठ्याने, आठ महिन्यांचं रडले. ती गेली त्या दिवशी लोक होते, म्हणून राहून गेलं होतं.

फोन वाजला. "बाबा, सापडलं? कुठे होतं?"

मामांनी नाक पुसलं आणि वरची पट्टी वाचून दाखवली. "दुकान. आत आल्यावर उजवीकडे. पडद्यामागे. आवाज."

पुढचे चार दिवस मामांनी दुसरं काम हातात धरलं नाही. डाव्या टाचेच्या चकत्या ठोकताना त्यांनी हात मुळीच आखडता घेतला नाही. शेजारच्या दुकानदाराने येऊन विचारलं, भिंत पाडताय का? टाच झाली. मग मामा सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब घेऊन आले. पहिला तुकडा वाकडा कापला. दुसऱ्याखाली हवा राहिली. चौथा नीट बसला, मग उजव्या टाचेलाही तसाच लावला. मामीने हे पडद्यामागे बसून, शिवणाच्या कात्रीने, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत कसं केलं असेल, ते त्यांना कळेना. काळ्या कडेने रापीचं पातं फिरवताना ते पुटपुटले, "हे तू मला शिकवायला हवं होतंस."

सोमवारी सकाळी दहाला ते इस्पितळात पोचले. सूज बरीच उतरली होती. व्यायाम करवून घेणाऱ्या मुलीने बाईंना बूट घातले, नाड्या बांधल्या, काखेत हात घालून उभं केलं. बाईंचे खांदे एका रेषेत आले. मुलीने कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "सरळ आहात. एकदम सरळ. आता व्हरांड्यात चार पावलं टाकू."

मामा पुढे होऊन व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि हाडांत भिनलेल्या सवयीने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डोळे मिटले. कान लावला.

कुठे तरी नळ वाजत होता. कुणीतरी खोकलं. एक ढकलगाडी गेली. पावलं नव्हती. मामा वाट बघत राहिले. सेहेचाळीस वर्षांत इतका वेळ असा शांत गेला नव्हता. बाई थांबल्या की काय? पडल्या? त्यांना मागे वळायचा धीर होईना.

"बाई?" ते भिंतीलाच म्हणाले. "चालताय ना?"

"चालून झालं मामा," अगदी त्यांच्या खांद्यापाशी आवाज आला. "मी तुमच्या मागेच उभी आहे."